पियानो, राग आणि अढळ षड्ज : वनराज भाटिया यांच्या सांगीतिक भूमिकेची चिकित्सा

प्रस्तावना

संगीतकार वनराज भाटिया यांचे ७ मे २०२१ रोजी मुंबईत वयाच्या ९३ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर वृत्तपत्रांतून आलेल्या लेखांत 'मंथन', 'जाने भी दो यारों', 'तमस' आणि 'भारत एक खोज' यांचे स्मरण प्रामुख्याने झाले. भाटिया हे शिक्षणाने पियानोचे विद्यार्थी व पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रचनाकार होते, याची दखल बहुधा एखाद्या वाक्यात घेतली गेली. वस्तुतः त्यांच्या चित्रपटसंगीताची घडण त्या एका वाक्यावाचून कळत नाही. हिंदुस्थानी रागसंगीत आणि पियानो यांना एकत्र आणण्याचे जे प्रयत्न भारतात झाले, त्यांत भाटिया यांची भूमिका इतरांहून वेगळी होती. ती कोणती आणि कितपत टिकणारी, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अशा प्रयत्नांविषयी लिहिताना 'समन्वय', 'मिलाफ', 'पूर्व-पश्चिम सेतू' असे शब्द सहज वापरले जातात. डॉ. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या ज्या सहा कोटी मांडल्या, त्यांत 'संगम संगीत' ही एक कोटी आहे. तिचा स्वतंत्र उल्लेख करावासा वाटला, यातच या प्रकाराचे वजन मान्य झाले. परंतु संगमात दोन्ही प्रवाहांचे पाणी सारखेच राहते असे नाही. कोणता प्रवाह काय सोडतो, हे पाहिल्याखेरीज समीक्षा पुरी होत नाही. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनापासून दूरचित्रवाणीपर्यंत कीबोर्ड सर्वत्र पोहोचलेला असताना आणि त्यावर वाजणाऱ्या कोणत्याही रागाला 'फ्यूजन' म्हटले जात असताना तर या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

देवधरांच्या शाळेतून पॅरिसला

भाटिया यांचा जन्म ३१ मे १९२७ रोजी मुंबईत एका कच्छी व्यापारी कुटुंबात झाला. न्यू इरा स्कूलमध्ये शिकत असताना त्यांनी हिंदुस्थानी संगीताचे प्रारंभिक शिक्षण प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीतशाळेत घेतले. ही बाब चरित्रातील किरकोळ तपशील म्हणून सोडून देण्याजोगी नाही. मिरजेचे देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत आपली शाळा काढली. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. घराण्यांच्या भिंती ओलांडून ऐकण्याची, ऐकलेल्याची नोंद ठेवण्याची आणि चिकित्सा करण्याची त्यांची वृत्ती प्रसिद्ध आहे. कुमार गंधर्व घडले ते याच शाळेत. म्हणजे भाटिया यांच्या कानावर रागाचे पहिले संस्कार झाले, ते दुसऱ्या संगीतपद्धतीकडे कुतूहलाने पाहणाऱ्या वातावरणात.

पुढे त्यांना पियानोची ओढ लागली व डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षे त्यांनी ते वाद्य शिकून घेतले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी विषयात एम. ए. झाल्यावर लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी रचनेचे शिक्षण घेतले. हॉवर्ड फर्ग्युसन व ॲलन बुश हे तेथील त्यांचे शिक्षक. १९५४ मध्ये सुवर्णपदक घेऊन ते पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे गेले. विसाव्या शतकातील कितीतरी रचनाकार या एका बाईंच्या हाताखालून गेले, हे सर्वज्ञात आहे. १९५९ मध्ये भाटिया भारतात परतले. १९६० ते १९६५ या काळात दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक राहिले आणि नंतर मुंबईत जाहिरातींसाठी हजारो लहान चिजा रचून त्यांनी चरितार्थ चालविला. लिरिल साबणाची जाहिरात ही त्यांपैकीच एक. फ्यूग शिकलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटाच्या चालीवर जगावे लागावे, यात त्या काळाच्या सांगीतिक व्यवस्थेबद्दल बरेच काही सांगून जाणारे आहे.

पट्ट्यांच्या वाद्याशी महाराष्ट्राचे जुने भांडण

पियानो आणि राग यांचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. तो पेटीच्या रूपाने शतकभर आधीच येथे येऊन गेला होता. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सिद्ध झालेले हार्मोनियम हातपेटीच्या रूपात भारतात रुजले आणि संगीत नाटकाने त्याला महाराष्ट्रात घराघरात नेले. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा वादक-रचनाकार या वाद्यातून निर्माण झाला. १९११ च्या 'मानापमान' नाटकातील पदांच्या चाली त्यांच्याच. दुसऱ्या बाजूला, या वाद्याच्या ठरावीक स्वरांविषयीची अस्वस्थताही येथेच सर्वांत गांभीर्याने मांडली गेली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. ई. क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या सहकार्याने त्यांनी श्रुतींची पेटी तयार करविण्याचा उद्योगही केला आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य त्यांना लाभले. १९१६ च्या बडोदा येथील पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा विषय वादाचा ठरला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडावे लागले.

या साऱ्या वादात आक्षेप दोन होते. पहिला स्वरस्थानांचा. सप्तकाचे बारा समान भाग केल्यावर, सप्तकाचे १२०० सेंट धरता, शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र ३८६ च्या सुमारास असतो. हा चौदा सेंटांचा फरक तयार कानाला बोचतो. दुसरा आक्षेप मींडेचा. पट्टीवरून पट्टीवर जाताना मधली वाट नाहीशी होते. पियानोच्या बाबतीत यात तिसऱ्याची भर पडते. पेटीचा स्वर भाता चालू असेपर्यंत टिकतो. पियानोचा स्वर हातोडीचा आघात झाल्या क्षणापासून क्षीण होऊ लागतो. दरबारीचा आंदोलित गंधार यावर कसा दाखवावा, हा प्रश्न विचारला की पुष्कळांना वाद संपल्यासारखा वाटतो.

परंतु वाद तेथे संपत नाही. संतूर हे देखील आघाताचेच, तारांवर काठ्यांनी वाजविले जाणारे वाद्य आहे. एका अर्थी पियानोचे ते जवळचे नातलग. पं. शिवकुमार शर्मा यांनी १९५५ मध्ये मुंबईत ते रागसंगीताच्या मंचावर आणले, तेव्हा मींडेचा हाच आक्षेप त्यांच्यावरही आला. काठी तारेवर हलकेच थरथरवीत स्वर लांबविण्याचे तंत्र त्यांनी सिद्ध केले, वाद्याच्या रचनेत बदल केले आणि अखेर संतूर मैफलीत मानाने बसले. तेव्हा केवळ मींड नसणे हा एखाद्या वाद्याला रागापासून कायमचे दूर ठेवणारा दोष म्हणता येत नाही. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर स्वर वाकविण्याची सोय झाल्यावर तर मींडेचा आक्षेप यंत्रानेच मोडीत काढला. अजय पोहनकर यांचे पुत्र अभिजित पोहनकर यांनी त्या वाद्यावर रागवादन करून ते दाखवूनही दिले आहे. तरीही पियानोबाबतचा प्रश्न उरतोच, आणि तो स्वरस्थानाच्या किंवा मींडेच्या पलीकडचा आहे.

षड्ज हलतो तेव्हा

रागसंगीताचा पाया स्थिर षड्ज हा होय. तो मैफलीच्या आरंभी एकदा ठरला की अखेरपर्यंत हलत नाही. हे केवळ मैफलीचे वैशिष्ट्य नाही, मराठी माणसाच्या कानाचा तो साधा संस्कार आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरच्या वाटेने जाताना काटेवाडीत थांबते. तेथील धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण पाहायला दुरून लोक येतात. त्या गर्दीत टाळ-मृदंगाच्या गजराखाली वीणेकऱ्याच्या खांद्यावरची वीणा चालू असते. तिच्यावर चाल वाजत नाही, तिचे काम सूर धरून ठेवण्याचे. अभंग बदलतात, चाली बदलतात, चालणारा थकतो, पण वीणेचा षड्ज जागचा ढळत नाही. गावच्या भजनी मंडळात बसून पेटी वाजविणाऱ्यालाही तोच सूर सांभाळावा लागतो. पेटी येथे रुजली याचे कारण तिने हा करार मान्य केला. उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने भाता, अशी तिची विभागणी असल्याने दोन्ही हातांनी स्वरांचे थर रचण्याचा मोह तिच्या घडणीतच नव्हता.

पियानो वेगळा आहे. दोन्ही हात मोकळे, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, आणि या वाद्याभोवती वाढलेली दोन-अडीच शतकांची रचनापरंपरा हार्मनीची. हार्मनीत आधारस्वर बदलत जातो. एका घरातून निघून दुसऱ्या घरी जायचे व परत यायचे, या प्रवासातच तिची सारी नाट्यमयता आहे. रागात मात्र घर सोडायचेच नसते. घरातल्या घरात किती दूर जाता येते, हे दाखवायचे असते.

एका उदाहरणाने हा विरोध स्पष्ट होईल. फ्यूग या रचनाप्रकारात एक बीजवाक्य एका आवाजाने मांडायचे आणि दुसऱ्या आवाजाने त्याला पंचमावरून उत्तर द्यायचे असते. आता सा, रे, ग, प, ध या भूपाच्या स्वरांतील एखादे वाक्य घेऊन ते तसेच्या तसे पंचमावरून म्हटले, तर प, ध, नि, रे, ग असे स्वर मिळतात. शुद्ध निषाद आला. भूपात निषाद वर्ज्य. म्हणजे फ्यूगचा पहिलाच नियम पाळताना राग मोडला. याउलट, स्वर तेच ठेवून केवळ आधार बदलला, तर भूपाच्या पंचमाला षड्ज मानताच दुर्गाचे स्वर उभे राहतात आणि गंधाराला षड्ज मानताच मालकंसाचे. मूर्च्छनाभेदाची ही गंमत आपल्या गवयांनाही ठाऊक आहे, पण ते तिच्याकडे क्षणभराची चमत्कृती म्हणून पाहतात, तंबोरा तसाच झंकारत असल्यामुळे पुन्हा मूळ षड्जावर येणे भागच पडते. जे एका पद्धतीत क्षणिक अलंकार, ते दुसऱ्या पद्धतीत इमारतीचा पाया. 'समन्वय' म्हणताना या दोहोंपैकी कोणते सोडणार, याचे उत्तर प्रत्येक रचनाकाराला द्यावेच लागते.

दोन उत्तरे

पहिले उत्तर रागवादी पियानोवादकांचे. मुंबईत १९२२ मध्ये जन्मलेले आणि पुढे कोलकात्यात स्थायिक झालेले व्ही. बालसारा यांचे नाव या वाटेवर आधी घ्यावे लागते. अलीकडच्या काळात उत्सव लाल या तरुण वादकाने याच वाटेने अधिक खोल जाण्याचा प्रयत्न केला. धृपदाची तालीम त्यांनी उस्ताद वासिफुद्दीन डागर यांच्याकडे घेतली. जेफ स्मिथ या इंग्रज रचनाकाराने तयार केलेल्या 'फ्लुइड पियानो'वर त्यांनी २०१६ मध्ये राग ध्वनिमुद्रित केले. या पियानोत प्रत्येक स्वर वादकाला हवा तसा चढविता-उतरविता येतो. देवलांच्या श्रुतिपेटीमागची तळमळच शंभर वर्षांनी दुसऱ्या वाद्यात उतरली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

या वाटेचा गुण म्हणजे तिचा संयम. आलापातील विराम, विरत जाणाऱ्या स्वराचा पडसाद, खर्जातील गांभीर्य या गोष्टी पियानोवर विलक्षण परिणामकारक होऊ शकतात. परंतु येथे डावा हात बहुधा तंबोऱ्याचे काम करतो. षड्ज राखला जातो, आणि त्याची किंमत म्हणून पियानोची हार्मनी मुकाट्याने बाजूला ठेवली जाते. उरते ते पियानोच्या नादाचे एक सुंदर तंतुवाद्य. हा दोष नव्हे, मात्र याला दोन परंपरांची भेट म्हणणे अचूक नाही. एका परंपरेने दुसरीचे वाद्य तेवढे घेतले, पेटीच्या वेळी झाले तसेच.

दुसरे उत्तर भाटिया यांचे. त्यांनी पियानोवर राग वाजविण्याचा उद्योग केला नाही. 'फँटसिया अँड फ्यूग इन सी' ही त्यांची पियानोरचना आपल्या शीर्षकातच आपला वंश सांगते. ती पाश्चात्त्य रचनाप्रकारातली आहे आणि त्या प्रकाराच्या कसोटीवर उभी राहू पाहते. राग पियानोवर आणण्याऐवजी पियानोने शिकविलेली विचारपद्धती, म्हणजे अनेक आवाजांचे एकत्र भान, नादाच्या थरांची मांडणी, नाट्यप्रसंगानुसार वृंदाचा विस्तार-संकोच, ही त्यांनी भारतीय आवाजांभोवती वापरली. जेथे आवाजाला मींड हवी, तेथे वृंद मागे घेतला.

'भूमिका' (१९७७) या श्याम बेनेगल यांच्या चित्रपटात हे स्पष्ट दिसते. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात नायिकेच्या बालपणी घरातच गाण्याची तालीम चालते. त्या प्रसंगातील बंदिशीसाठी भाटिया यांनी सरस्वतीबाई राणे आणि मीना फातर्पेकर यांचा आवाज घेतला. एक भजन फिरोज दस्तूर यांच्याकडून गाऊन घेतले. हे किराणा घराण्याचे आवाज आहेत, आणि एकेक स्वर न्याहाळत, श्रुतीचा कस पाहत पुढे जाणे ही किराण्याची ख्याती. सरस्वतीबाई तर अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या, म्हणजे देवलांच्या श्रुतिप्रयोगांना साहाय्य करणाऱ्या गायकाच्या. पट्टीच्या वाद्यातून जे कधीच उतरणार नाही ते कोणाच्या गळ्यात आहे, याची इतकी नेमकी जाण पॅरिसहून शिकून आलेल्या रचनाकाराला होती. त्याच चित्रपटात इतरत्र गेल्या दशकांतील चित्रगीतांच्या शैली त्यांनी काळानुसार हुबेहूब उभ्या केल्या आहेत. दोन्ही कामे एकाच माणसाची आहेत हे ऐकताना सहसा लक्षात येत नाही. रचनाकार म्हणून ही त्यांची मोठी सिद्धी आहे.

'सरदारी बेगम' (१९९६) या ठुमरी गायिकेच्या कथेवरील चित्रपटात आरती अंकलीकर-टिकेकर यांच्या गायनाला त्यांनी असाच अवकाश दिला. 'तमस'च्या (१९८८) प्रारंभीची ती आर्त हाक आठवावी. फाळणीवरील कथानकाला साजेसा मोठा वृंद उभा करणे या रचनाकाराला कठीण नव्हते. तरी लक्षात राहतो तो मानवी कंठ. या मालिकेच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

तथापि भाटिया यांच्या भूमिकेचा कळस 'भारत एक खोज'च्या शीर्षकसंगीतात आढळतो. १९८८ पासून दूरदर्शनवर दाखविलेली ही त्रेपन्न भागांची मालिका. रविवारी सकाळी काटेवाडीसारख्या गावांतूनही ती पाहिली जात होती, आणि पियानो प्रत्यक्ष कधी न पाहिलेल्या श्रोत्यांच्या कानांवर अनेक आवाजांची रचना त्यातून पडत होती. ऋग्वेदातील नासदीय सूक्त आणि त्याचा वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद समूहस्वरात गायला गेला. येथे निवड निर्णायक आहे. वेदपठणाची परंपरा उदात्त, अनुदात्त आणि स्वरित अशा मोजक्या स्वरोच्चारांवर उभी असते. तीत रागाचे चलन नाही, वर्ज्यावर्ज्याचे नियम नाहीत, मींडेची अपेक्षा नाही. मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या अशा पठणसदृश चालीखाली वृंदाचे थर रचले, तरी कोणताही राग जखमी होत नाही, आणि षड्ज मात्र भक्कम उभा राहतो. ज्या जागी दोन पद्धतींना परस्परांचे काही हिरावून घ्यावे लागत नाही, ती जागा भाटिया यांनी रागाच्याही आधीच्या काळात जाऊन शोधली. त्या सूक्तातील सृष्टिपूर्व अंधाराचा आशयही या संथ, थरांच्या नादाला अनुरूप ठरला.

मर्यादा

या भूमिकेला मर्यादा नाहीत असे नव्हे. आवाजाकडे राग आणि वृंदाकडे हार्मनी, ही वाटणी शहाणपणाची असली तरी ती वाटणीच आहे. रागाच्या विस्तारतत्त्वातूनच नवी हार्मनी निर्माण व्हावी, हा अधिक कठीण प्रश्न चित्रपटसंगीताच्या चौकटीत त्यांना फारसा हाताळता आला नाही. तसे करण्याची जागा त्यांच्या मैफलीच्या रचनांत होती. परंतु त्या रचना ऐकणारा वर्ग मुंबईतही लहान राहिला. गिरीश कार्नाड यांच्या नाटकावरील 'अग्निवर्षा' या त्यांच्या ऑपेराचे पहिले दोन अंक सादर झाले ते २०१२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्याआधी १९८९ मध्येच मिळाला होता. सन्मानांची उणीव नव्हती, उणीव होती वादकवृंदांची, स्वरलेखांच्या मुद्रणाची आणि अभ्यासकांची.

मराठी संगीतसमीक्षेने नाट्यसंगीत, भावगीत आणि घराणी यांवर विपुल लिहिले. देवधरांच्या शाळेतून निघालेल्या आणि हंसा वाडकरांच्या कथेला सूर देणाऱ्या या रचनाकाराकडे मात्र ती बिगरमराठी आणि 'पाश्चात्त्य' म्हणून पाहत राहिली असावी. श्रुती आणि पट्टी यांच्या वादावर शतकभर हिरिरीने बोलणाऱ्या महाराष्ट्राने, त्या वादाला कृतीतून दिलेले एक उत्तर आपल्याच राजधानीत असताना त्याची चर्चा करू नये, हे विचित्र आहे. भाटिया यांचे स्वरलेख एकत्र मिळवून ते संगीत विभागांच्या ग्रंथालयांत उपलब्ध करणे हे यातील पहिले काम होय. त्याशिवाय 'फँटसिया अँड फ्यूग'चे सविस्तर विश्लेषण आणि चित्रपटातील रचनांशी तिची तुलना शक्य होणार नाही.

जानेवारी २०१९ मध्ये विख्यात चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत भाटिया यांची 'रेव्हरी' ही रचना वाजविली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. चेलोला पट्ट्याही नसतात आणि पडदेही नसतात. बोट तारेवरून सरकत एका स्वरातून दुसऱ्यात जाऊ शकते.